पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याला ‘नॅव्हिक्युलर’ असल्याचा संशय आला तर काय करावे

एखादा घोडा पुढच्या पायाने कित्येक आठवडे थोडाथोडा लंगडत असतो, विश्रांती दिली की बरा दिसतो आणि कामाला लावताच पुन्हा आखडतो. असा घोडा पाहून कोणी ‘नॅव्हिक्युलर दिसतो’, म्हणजे खुराच्या मागच्या भागातील एका लहान हाडाभोवतीचे दुखणे असावे, असे म्हटले, की मालकाला तो हातचा गेल्यासारखे वाटते. नाशिक परिसरात वरातीसाठी घोडी पाळणारे, रपेटीसाठी घोडे ठेवणारे आणि शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड हौसेने सांभाळणारे असे सगळेच या शब्दाने धास्तावतात. या सर्वांना माझे सांगणे असे आहे की हे नाव तपासणीच्या शेवटी घ्यावे. तोपर्यंत ‘या घोड्याच्या खुराचा मागचा भाग दुखत असावा’ एवढेच धरून चालावे, कारण त्या एका वाक्यातून पुढची बहुतेक योग्य पावले आपोआप निघतात. आधीच नाव चिकटवले, तर साध्या उपायाने बरे होणारे घोडेही मोडीत काढले जातात आणि ज्यांना खरोखर हा आजार आहे त्यांचे मोलाचे महिने चुकीच्या औषधांत जातात.

दुखणे नेमके कोठे असते

घोड्याच्या खुराच्या आत, पायाच्या सर्वांत खालच्या सांध्याच्या मागच्या बाजूला, नॅव्हिक्युलर नावाचे लहानसे आडवे हाड असते. पायाच्या मागून खाली येणारी खोल कंडरा, विहिरीच्या रहाटावरून दोर वळावा तशी, या हाडावरून वळून खुरातील मुख्य हाडाला जाऊन मिळते. हाड आणि कंडरा यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी द्रवाची पातळ पिशवी असते आणि हाडाला जागेवर धरून ठेवणारे अस्थिबंध असतात. पाऊल टेकून पुढे जाताना, विशेषतः टाच उचलली जाऊन खुराचा पुढचा काठ जमिनीवरून सुटण्याच्या सुमारास, कंडरेचा मोठा दाब या हाडावर पडतो. दुखणे हाडाचे असू शकते, कंडरेच्या फाटण्याचे असू शकते, पिशवीच्या सुजेचे किंवा अस्थिबंधांचेही असू शकते. म्हणून आज पशुवैद्यक याला एकच आजार न मानता एकाच जागेतील दुखण्यांचा समूह मानतात. कोणता भाग दुखावला आहे त्यावर विश्रांती किती, हालचाल किती आणि औषध कोणते हे ठरते.

हे दुखणे बहुधा दोन्ही पुढच्या पायांत असते, मात्र एका पायात अधिक असते. साधारण सात ते चौदा वर्षांच्या, कामात असलेल्या घोड्यांत ते जास्त आढळते. थरोब्रेड, क्वार्टर हॉर्स आणि युरोपातील वॉर्मब्लड या जातींत त्याचे प्रमाण अधिक आहे, तर अरबी घोड्यांत आणि तट्टांत ते कमी दिसते. अंग भारी आणि खूर लहान, पुढचा काठ लांब वाढलेला आणि टाच खचलेली, अशा घोड्याबाबत संशय बळावतो.

पशुवैद्यकाला बोलावण्यापूर्वी स्वतः काय पाहावे

सर्वांत आधी लंगडणे अचानक आले की हळूहळू, हे ठरवावे. काल ठीक असलेला घोडा आज पाय टेकायलाच तयार नसेल, तर तो बहुधा नॅव्हिक्युलरचा रोगी नाही. अशा वेळी खुरात पू साठणे, खिळा किंवा काच घुसणे, हाड मोडणे यांचा विचार आधी करावा आणि त्याला चालवून पाहण्याच्या फंदात पडू नये. तळव्यातील त्रिकोणी मऊ भागात खिळा रुतलेला दिसला, तर तो नॅव्हिक्युलर हाडाजवळच्या पिशवीपर्यंत पोहोचलेला असू शकतो, आणि तेथे जंतुसंसर्ग झाला तर घोडा कायमचा निकामी होऊ शकतो किंवा दगावूही शकतो. पशुवैद्यक लवकर येऊ शकणार असेल तर खिळा तसाच ठेवून, तो आणखी आत जाणार नाही अशा रीतीने खूर बांधून घ्यावा, म्हणजे एक्स-रेमध्ये त्याची दिशा आणि खोली दिसते. काढावाच लागला, तर तो नेमका कोठे आणि किती खोल होता याची खूण व फोटो ठेवावा. धनुर्वाताची लस या प्रसंगी कधीही टाळू नये, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

लंगडणे हळूहळू वाढलेले असेल, तर निरीक्षणाला वेळ द्यावा. घोड्याला सपाट, कठीण आणि न निसरड्या जागेवर, सकाळी वर्दळ नसताना, सैल दोरीने सरळ रेषेत दुडकी चालीने पळवावे आणि मोबाइलवर समोरून, मागून व बाजूने चित्रण करावे. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते. अनेक जण हे नेमके उलटे समजतात आणि चांगल्या पायावर उपचार सुरू होतात. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर मान हलतच नाही. फक्त पावले आखूड पडतात, घोडा ठेचकाळतो, उतारावर कचरतो आणि स्वाराला तो केवळ आळशी झाल्यासारखा वाटतो. बाजूने काढलेले संथ गतीचे चित्रण विशेष उपयोगी पडते, कारण निरोगी खूर सहसा टाचेने किंवा सपाट टेकतो, तर टाच दुखणारा घोडा पुढचा काठ आधी टेकवतो. नंतर दोन्ही दिशांना गोल फिरवून पाहावे. दुखरा पाय वर्तुळाच्या आतल्या बाजूला असताना आणि जमीन कठीण असताना लंगडणे वाढले, तर ती नोंद महत्त्वाची आहे. तबेल्यात उभा असताना तो एकच पाय वारंवार पुढे सरकवून ठेवतो का, हे मोतद्दाराला विचारावे. दिवसभर घोड्याजवळ असणाऱ्या त्या माणसाची नजर पुष्कळदा मालकापेक्षा अचूक असते.

यांतील एकही लक्षण केवळ नॅव्हिक्युलरचे नाही. टाचेत कोठेही दुखत असले तरी घोडा असाच चालतो. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात पावसाळाभर ओल्या जागेत उभ्या राहणाऱ्या घोड्यांच्या तळव्यातील त्रिकोणाच्या खाचा कुजतात, काळपट दुर्गंधीयुक्त स्राव येतो आणि खोल गेलेली कूज चांगलीच दुखते. खडी टाकलेल्या रस्त्यावर तळवा ठेचला जातो. नाल ठोकताना खिळा आतल्या जिवंत भागाच्या अगदी जवळ गेला, तर लंगडणे काही दिवसांनीही सुरू होऊ शकते. खूर रोज खरवडून स्वच्छ करणे, जागा कोरडी करणे, शेवटची नालबंदी कधी झाली ते आठवणे आणि खुराला हात लावून दोन्ही पायांच्या उष्णतेत फरक आहे का हे पाहणे, एवढ्याने काही घोड्यांचे कोडे सुटते.

तपासणीत काय व्हायला हवे

आपल्याकडच्या पशुवैद्यकांचा बहुतेक वेळ गाई-म्हशींच्या उपचारात जातो, म्हणून घोड्यांचा नियमित अनुभव असलेल्या नोंदणीकृत पशुवैद्यकाची चौकशी आधीच करून ठेवावी. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात सल्ला घ्यावा आणि गरज पडल्यास मुंबईच्या परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे, किंवा मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरील घोड्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जाण्याची तयारी ठेवावी. गाडीतून नेताना तळाशी न घसरणारे जाड अंथरूण असावे आणि कसारा घाट सावकाश उतरावा, कारण तोंड पुढे करून उभ्या असलेल्या घोड्याचा भार उतारावर दुखऱ्या पुढच्या पायांवर येतो. तपासणीपूर्वी वेदनाशामक औषध किती दिवस बंद ठेवायचे हे डॉक्टरांना विचारून तसेच करावे. औषधाच्या अंमलाखाली घोडा सरळ चालला तर सगळी खटपट वाया जाते.

डॉक्टर प्रथम चिमट्यासारख्या उपकरणाने खूर दाबून दुखरी जागा शोधतात. ही तपासणी आवश्यक आहे, पण नॅव्हिक्युलरच्या बाबतीत तिचा निकाल नकारात्मक आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही. खरी दिशा देते ती नस बधिर करण्याची चाचणी. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूने दोन्हीकडे खाली उतरणाऱ्या नसांजवळ थोडे बधिर करणारे औषध टोचतात, काही मिनिटे थांबून टाचेची त्वचा बधिर झाल्याची खात्री करतात आणि घोड्याला पुन्हा पळवतात. लंगडणे नाहीसे झाले, किंवा त्या पायाचे थांबून दुसऱ्या पुढच्या पायात दिसू लागले, तर दुखणे खुरात आहे हे कळते. येथेच मोठी गफलत होते. ही चाचणी टाचेबरोबर तळव्याचा मोठा भाग आणि पुष्कळदा खुरातला सांधाही बधिर करते, त्यामुळे तिच्यावरून ‘नॅव्हिक्युलर निश्चित’ असा निष्कर्ष काढता येत नाही. सांध्यात किंवा पिशवीत स्वतंत्रपणे औषध टोचून अधिक बारीक फरक करता येतो. ते अनुभवी हातांचे आणि काटेकोर निर्जंतुकतेचे काम आहे. हाड मोडल्याची शंका असेल तर अशी चाचणी मुळीच करू नये, कारण वेदना थांबलेला घोडा पूर्ण भार टाकून मोडलेले हाड निखळवतो.

एक्स-रेसाठी नाल काढून, खूर घासून, त्रिकोणाच्या खाचांत मऊ भरण भरावे लागते, नाहीतर खाचांतील हवेच्या रेषा हाडातील भेगांसारख्या दिसतात. एक फोटो पुरेसा नसतो. बाजूने, समोरून, आणि टाचेच्या मागून तिरका असे निदान तीन कोन लागतात, त्यांतही मागून घेतलेला तिरका फोटो पुष्कळदा राहून जातो आणि तोच हाडाचा कंडरेकडील पृष्ठभाग दाखवतो. दोन्ही पायांचे फोटो घ्यावेत. ते हाती आल्यावर हे ध्यानात ठेवावे की मुळीच न लंगडणाऱ्या घोड्यांच्या नॅव्हिक्युलर हाडातही बदल सापडतात, आणि कंडरा फाटलेल्या घोड्याचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. कंडरा, पिशवी आणि अस्थिबंध नीट दिसतात ते एमआरआयमध्ये, पण ती सोय बहुतेकांच्या आवाक्यात नसते. म्हणून चाल, नसेची चाचणी आणि एक्स-रे या तिन्ही गोष्टी एकाच पायाकडे आणि एकाच जागेकडे बोट दाखवतात का, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा.

नालबंदी

उपचाराचा पाया नालबंदी आहे आणि पैसे मर्यादित असतील तर ते आधी येथे खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे. खुराचा पुढचा काठ जितका लांब, तितका पाय उचलताना कंडरेवर ताण अधिक, आणि तितका नॅव्हिक्युलर हाडावर दाब अधिक. म्हणून पुढचा काठ मागे आणणे, नालेचे पुढचे टोक गोलसर करून पाऊल लवकर सुटेल असे करणे, आणि टाचेला मागून आधार देणे ही तीन कामे आहेत. आपल्याकडे नाल पुष्कळदा लहान बसवतात आणि खूर तिच्या मापाला कापतात. त्यामुळे टाच मागे निराधार राहते आणि दर खेपेला ती आणखी पुढे व खाली जाते. नाल खुराच्या मापाची घडवावी, तिची टोके टाचेच्या शेवटापर्यंत पोहोचावीत आणि तळव्यातील त्रिकोण सुरीने कोरून लहान करू नये. काही घोड्यांना मागून बंद केलेली अंडाकृती नाल मानवते. ती तयार मिळाली नाही तर समजूतदार नालबंद आणि वेल्डिंगचे काम करणारा कारागीर मिळून ती करू शकतात.

टाचेखाली पाचर बसवल्याने हाडावरचा दाब कमी होतो; खुरातील हाडाचा जमिनीशी असलेला कोन एक अंशाने वाढला तर नॅव्हिक्युलर हाडावरील बल सुमारे ४ टक्क्यांनी घटते, असे मोजमापांतून दिसले आहे. तरीही पाचर हा कायमचा तोडगा समजू नये, कारण आधीच कमकुवत असलेली टाच तिच्या दाबाने चुरडू लागते. बाजूने घेतलेला एक्स-रे नालबंदाला दाखवावा आणि शक्य असेल तर डॉक्टर व नालबंद यांना एकाच वेळी घोड्याजवळ उभे करावे. नालबंदाला कोणी एक्स-रे दाखवत नाही, आणि मग काम बिघडले की दोष मात्र त्याला देतात, हे मला अन्यायाचे वाटते. अनेक नालबंद पिढीजात कारागीर आहेत आणि हाड आत कसे बसले आहे हे एकदा पाहिले की त्यांचा हात लगेच बदलतो.

दर चार ते सहा आठवड्यांनी खूर साळून नाल बदलावी. नाल झिजली नाही म्हणून दहा-बारा आठवडे थांबणे या घोड्यांना परवडत नाही, कारण खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो आणि लांबलेला पुढचा काठ सगळे कमावलेले घालवतो. पुढच्या काठाचा खूर वरपासून खालपर्यंत नवा यायला नऊ ते बारा महिने लागतात. काही घोडे पहिल्या योग्य नालबंदीनंतरच मोकळे चालतात, पण खुराची ठेवण सुधारायला तेवढा काळ द्यावाच लागतो. प्रत्येक नालबंदीपूर्वी आणि नंतर बाजूने फोटो काढून तारीख लिहावी.

औषधे, आणि अंजनेरीची गिधाडे

वेदनाशामक औषध वजनावर ठरते, आणि काटा नसला तरी वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी; घेराला घेराने आणि नंतर लांबीने गुणून ११,८८० ने भागावे. घेर १६५ आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ३५५ किलो येते. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम अशांपैकी कोणते, किती आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. यांतील दोन औषधे एकत्र देऊ नयेत, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या घोड्याला ती देताना विशेष जपावे, कारण जठर, आतडे आणि मूत्रपिंड यांना त्यांनी इजा होते. औषधाने चाल सुधारली म्हणजे पाय बरा झाला असे नाही. वरातीच्या दिवशी इंजेक्शन देऊन घोडी उभी करणे म्हणजे दुखऱ्या कंडरेवर पूर्ण भार टाकणे होय, आणि ते कोणीही करू नये.

डायक्लोफेनॅक कोणत्याही जनावराला देऊ नये. भारतात २००६ पासून त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आहे आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली, कारण ही औषधे दिलेल्या जनावराचे मढे खाल्लेली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, त्यामुळे नाशिककर घोडेमालकाने हा नियम स्वतःच्या अंगणातला समजावा. मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित आढळले आहे.

हाडाची झीज मुख्य असेल तर टिल्युड्रोनेट किंवा क्लोड्रोनेट या औषधांचा विचार होतो. अमेरिकेत २०१४ मध्ये दोन्हींना नॅव्हिक्युलरच्या लंगडण्यासाठी मान्यता मिळाली, ती चार वर्षांवरील घोड्यांपुरतीच आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या घोड्याला ती देत नाहीत, वेदनाशामकांच्या जोडीने देणे टाळतात, आणि दिल्यानंतर काही तास पोटदुखीची लक्षणे येतात का यावर लक्ष ठेवतात. दुखणे कंडरेचे असेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही. सांध्यात किंवा पिशवीत स्टेरॉइड टोचल्याने काही महिने आराम मिळू शकतो, पण खूरदाह होण्याचा धोका डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावा.

काम आणि रोजचे जगणे

कंडरेच्या दुखापतीला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ मोजूनमापून विश्रांती आणि हळूहळू वाढवलेली चाल लागते. हाडाच्या जुनाट दुखण्यात मात्र घोड्याला एका जागी बांधून ठेवणे हानिकारक ठरते. त्याला रोज सपाट, मऊ पण पाय न रुतणाऱ्या जमिनीवर सरळ चालवावे. खोल वाळू कंडरेला ताणते आणि लहान वर्तुळात फिरवणे टाचेला जाचते, म्हणून दोन्ही टाळावे. अंगावर चरबी असेल तर हरभरा आणि लसूणघास यांचे प्रमाण पाहून वजन उतरवावे.

वरातीच्या घोडीला डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर पुढचे पाय आपटत नाचवण्याचे काम अशा खुरांसाठी सर्वांत वाईट आहे, आणि ते बंदच करावे लागेल. नालबंदीनंतर चाल मोकळी झाली, तर नवरदेवाला घेऊन थोडे अंतर संथ चालणे काही घोड्यांना जमू शकते. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून चाल तपासून घेऊनच सुपाऱ्या घ्याव्यात. ज्याचे घर या उत्पन्नावर चालते त्याला हे सांगणे सोपे नाही हे मी जाणतो, पण घोडा रस्त्यात ठेचकाळून पडला तर पाठीवरचा माणूस आणि भोवतालची मुलेही जखमी होतात.

सर्व उपाय थकल्यावर टाचेची नस कापण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. तिने वेदना थांबते, आजार थांबत नाही. नस पुन्हा वाढू शकते, कापलेल्या टोकाशी दुखरी गाठ होऊ शकते, आधीच फाटलेली कंडरा तुटू शकते आणि पायात रुतलेला खिळा घोड्याला कळत नाही, त्यामुळे आयुष्यभर रोज खूर तपासावा लागतो. एफईआय या घोडेस्वारी स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार बधिर पायाच्या घोड्याला स्पर्धेत उतरता येत नाही.

घोडा विकायचा ठरला, तर येवल्याच्या घोडेबाजारात असो वा सारंगखेड्याच्या यात्रेत, तपासणीचे कागद, एक्स-रे आणि चालू औषधे खरेदीदाराच्या हाती द्यावीत. औषध देऊन लंगडणे लपवलेला घोडा नव्या घरी आठवड्याभरात उघडा पडतो आणि पुढे एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो. घोडा घेणाऱ्यानेही कठीण जमिनीवर दोन्ही दिशांनी गोल पळवून पाहिल्याशिवाय आणि पुढच्या खुरांचे एक्स-रे काढल्याशिवाय सौदा करू नये. काम न करता चरत राहण्यापुरताही आराम मिळत नसेल, घोडा दिवसाचा बराच वेळ आडवा पडत असेल आणि औषधानेही उभा राहताना थरथरत असेल, तर डॉक्टरांशी बोलून त्याला वेदनेविना मरण देणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. त्यासाठी वापरलेले औषध मढ्यात टिकून राहते आणि ते खाणारी कुत्री व गिधाडे मरतात, म्हणून मढे उघड्यावर न टाकता, विहीर आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात त्याच दिवशी पुरावे.